नकाशातून गेलेली हीर

१४ डिसेंबर, रविवार

सर्वेवाले येऊन आठ दिस झाले. पुढली खोली त्यांना दिली ते बरं केलं, घरात माणसाचा खोकला ऐकू येतो. दोघंच हायत. दिगंबरराव उमरग्याचे, पन्नाशी गाठलेली, पोट पुढं, दिवसभर कॉम्प्युटरवर नकाशा काढतेत. (येवढं लांब नाव कोण लिवत बसंल, हितनं पुढं दि.) दुसरा हणमंतू. तीन पायाच्या मशीनला डोळा लावून उभा राहतो, चिडला की कानडीत बोलतो.

सैपाक माझा. आन दिवसा भिंगाची काठी बी माझीच. हणमंतू हात करंल तिथं जाऊन काठी सरळ उभी करायची आन वरडायचं, बांध. खांब. चिंच. तो तिकडं बटन दाबतो. झाला एक पॉइंट.

दि. म्हणले, "अक्का, लई पॉइंट दिले तुम्ही." म्या म्हणलं, सातवीपतोर मास्तरनी बी येवढ्या येळा उभं केलं नव्हतं.

रस्ता माकणीकडनं येणार, आमच्या शिवारातनं हायवेला जाणार. कुठनं ते नकाशा बघून सायब ठरवणार. माझी हीर मधी येती का, ते कुणी सांगंना. दोन एकर हाय, त्या हिरीच्या पाण्यावरच. मालक आन म्या मिळून खांदलीय, मालक खाली, म्या वर टोपल्या वढाय. ती गेली तर रान कोरडं, म्या बी कोरडी.


१६ डिसेंबर

दि.नी कॉम्प्युटर दावला. आधी नुसत्या मुंग्या. म्या जिथं जिथं उभी राहिले तिथं फुली, फुलीपाशी आकडा, आकड्यावर आकडा, कायच वाचंना. मग त्यांनी ग्रुप पाडले. झाडाचे येगळे, खांबाचे येगळे, बांधाचे येगळे. झाडाच्या ग्रुपाला हिरवं गोल चिन्न दिलं आन सगळी झाडं एकदम झाडं झाली. आकडे बंद केले. रान मोकळं दिसाय लागलं, खुरपल्यावानी.

कडंला ग्रुपांची यादी हाय. एकाखाली एक. "वरच्याचं चालतं," म्हणले. "एक पॉइंट दोन ग्रुपात असला तर वरचा ग्रुप म्हणील तसा दिसायचा."

"म्हंजी आमच्या घरावानी. थोरल्याचं चालतं."

हसले. चहा सांडला बटनांवर, खिशातल्या दस्तीनं पुसला.

यादीत सगळ्यात वर एक ग्रुप हाय, नाव 'दाखवू नये'. त्यात टाकलं की दिसत न्हाय. म्या म्हणलं, पुसलं का? तर म्हणले, "पुसलं न्हाय अक्का. हाय तिथंच हाय, नुसतं बंद केलंय."

"हळदीकुंकवाला मी त्याच ग्रुपात असती."

ह्याला न्हाय हसले. उगी बोलले मी.

माझ्या हिरीकडची बाजू अजून व्हायचीय. येळवसंची रानातली पूजा झाल्यावर, म्हणले.


१९ डिसेंबर, येळवस

पहाटंपासून भज्जी, उंडे, आंबील. रानात पूजेला कडब्याची कोपी एकटीनं उभी केली. पूजेला जोडी लागती म्हणून थोरल्या जाऊबाई दरसाली टोमणा मारतेत. म्या म्हणलं, जोडीला हीर हाय की माझी.

कोपीत पांडव म्हणून चुना लावून पाच दगड मांडायचे, चारच गावले. पाचवा कुणीतरी धुण्याला नेला. (कुणी ते म्हाईत हाय, पर आज सणाचा दिवस.) बांधाच्या कडंला सर्वेवाल्यांचा दगड होता, चपटा, वर टाकीनं फुली कोरलेली, चुना आधीच लावलेला. हणमंतूची मशीन त्याच्यावर उभी राहती. तो सणाला गावाकडं गेलाय. एक दिस त्याचा दगड पांडव झाला तर काय बिघडलं. चुन्याचा आनखी एक हात मारला. सहदेव केला त्याला. सांजच्याला नेऊन ठिवला जागेवर. अंदाजानं.

थोरले भावजी (थो.भा.) बांध वलांडून जेवाय आले. त्यांचं रान बांधापलीकडंच. भाकरी मोडता मोडता म्हणले, "रस्ता कुणाकडनं चाललाय? तुला म्हाईत असंल सरूबाई, घरात ठिवून घेतलंयस त्यांना."

"तुमच्याकडनं. देवघरापासून धरलाय म्हणतेत."

म्या उगी ठिवून दिलं, घास तोंडातच राहिला त्यांचा. नंतर दोन भाकऱ्या खाल्ल्या, ते काय सुटलं न्हाय.


२२ डिसेंबर, सोमवार

आज हिरीचे पॉइंट. चार बाजूला चार. काठी टेकवताना खाली बघितलं, पाणी बक्कळ हाय. मोठ्यानं वरडले, हीर, हीर, हीर, हीर. हणमंतू म्हणला, "अक्का एकदा सांगितलं तरी कळतं." म्या म्हणलं, सायबाला कळूस्तोर वरडणार.

सकाळी मशीन लावताना कानडीत पुटपुटत होता. मागल्या दगडाचं अंतर जुळंना म्हणला. मग म्हणला ऊन हाय, हवा हालतीय. डब्यात वांगी होती, त्याला वास आला असंल. तसंच काम पुढं रेटलं.


२४ डिसेंबर

चहा घेऊन पुढल्या खोलीत गेले तर थो.भा. बसलेले. दि.च्या शेजारी, खुर्ची जवळ वढून. टेबलावर डबा, शेंगांच्या लाडवाचा. जाऊबाईचाच, झाकणाला पोचा हाय तो मला म्हाईत हाय.

मला बघितलं आन दि.नी कॉम्प्युटरचं झाकण हळूच खाली दाबलं. माणूस दार लोटतो तसा.

"काय चाललंय भावजी?"

"काय न्हाय. सहज. शेताचं इचारत होतो."

सहज. ह्यो माणूस माझ्या लग्नापासून सहज कुणाच्या दारात गेला न्हाय. मालक गेले तवा बी पाहुणे जेवून उठल्यावर आला.

वहीम आला. लिवून ठिवती.


२५ डिसेंबर

सकाळी दि.च्या पाठीमागं झाडू मारीत उभी राहिले. पडदा सगळा बघितला. डीपीचा खांब हाय. बांध हाय. बांधावरलं गवत तेवढं राहिलंय.

हीर न्हाय. तिथं पांढरं रान.

"दिगंबरराव, माझी हीर?"

"येईल अक्का."

"कुठनं येईल? बाजाराला गेलीय का?"

"काम करू द्या जरा."

असं कधी बोलले नव्हते. चार पॉइंट, त्यावर म्या सोता काठी धरली. कुठं गेले?

दुपारी हणमंतूला इचारलं, सायब रस्ता कसा ठरवतो. तो म्हणला, मोकळं दिसंल तिथनं लाइन वढतो. दोन तारखेला येणार हाय लाइन वढाय.

मोकळं दिसंल तिथनं.


२६ डिसेंबर

दळण घेऊन गिरणीवर गेले. चार जणी होत्या. बोलले. थोरल्यांनी लाडवाच्या डब्यावर माझी हीर नकाशातून काढली म्हणून. एक म्हणाली, आसं करता येतं व्हय? म्या म्हणलं, एक ग्रुप हाय, त्यात टाकलं की झालं. सगळ्यात वर असतो तो.

सांजंपतोर गल्लीभर झालं. बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

वरणात तिखट दोन चमचे जास्त टाकलं. दि. चार तांबे पाणी प्याले आन म्हणले, बेस झालंय. येवढा गोड का बोलतो ह्यो माणूस.


२७ डिसेंबर, शनिवार

दि. अंघोळीला गेले की अर्धा तास. न्हाणीत गाणं म्हणतेत, गाणं चालू हाय तवर भ्या न्हाय. कॉम्प्युटर उघडाच होता. उंदीर कसा धरायचा ते बघून ठिवलं होतं. यादी काढली. 'दाखवू नये'च्या खाली आज नवीन एक, नाव नुसती तारीख. बावीस. माझ्या हिरीची तारीख. त्याचं बी चिन्न बंद.

दोन्ही खटाखट दाबत बसले. एकदा सगळीच झाडं गेली, घाम फुटला. परत आणली. मग एकदम आले. चार निळे ठिपके. हीर.

पर हीर जागेवर न्हाय. बांधावर चढून बसलीय. माझी हीर बांधापासनं चांगली दोन हात आत हाय, शेळी बांधायला जागा हाय तिथं. आन डीपीचा खांब दोन दिसाय लागले. गावात एकच खांब हाय त्या बाजूला, त्याची लाईट बी धड येत न्हाय.

म्हंजी नुसती लपवली न्हाय, सरकवली बी. बांधावर नेली की वाद लागतो. आर्धी त्यांची व्हायची.

गाणं थांबलं. गडबडीत बंद काय करता येईना. तशीच सोडून चुलीपाशी आले. आत्ता दि. काय म्हणतेत ते बघू. भाकरी करपली.


२८ डिसेंबर

आज सकाळी दि.नी बोलावलं. "बसा अक्का." म्या उभीच राहिले.

"तुम्हीच उघडलं ना?"

"व्हय. आन तुमी बंद केलं. लाडू किती होते डब्यात?"

तवा ते हसले न्हायत, चिडले बी न्हायत. पडदा माझ्याकडं फिरवला. "नीट बघा. एकटी हीर हललीय का?"

बघितलं. खांब हललाय. चिंच हललीय. पाटाची मोरी हललीय. बावीस तारखेचं जे जे हाय ते सगळं येकाच अंगाला, जवळपास तेवढंच.

"कुणाला लाडू खाऊन हीर सरकवायची असंल तर तो हीरच सरकवील. चिंच कशाला सरकवंल?" म्हणले. मग सांगितलं. मशीन दगडावर उभी राहती. दगड ह्या जागी हाय असं मशीनला आधी सांगून ठिवलेलं असतं. दगडच तिथं नसला तर तिथनं बघितलेलं सगळं चुकतं. खांब आधी दुसऱ्या दगडावरनं घेतला होता, तो बरोबर. बावीसला परत घेतला, तो चुकीचा. म्हणून दोन. "बावीसचा अख्खा ग्रुप बंद ठिवला. सायबाला चुकीचं दिसायला नको. हणमंतूचं नाव खराब होईल म्हणून बोललो न्हाय कुणाला. दगड कुणी हलवला देव जाणे. ढोरं असतील."

मी म्हणलं, ढोरंच असतील.


२८, दुपारी

सहदेव.


२९ डिसेंबर

ढोर मीच.

सांगितलं तर गिरणीवरच्या चौघी काय म्हणतील. थो.भा. काय म्हणतील ते तर म्हाईतच हाय, गावभर म्हणतील. न्हाय सांगितलं तर दि. बावीसचा ग्रुप पुसून टाकणार, परत मोजाय दिस न्हाय म्हणतेत. दोन तारखेला सायबाला माझ्या हिरीच्या जागी मोकळं रान दिसणार.

हणमंतू आपली कापडं पिशवीत भरतोय. त्यानं सोताच सायबाला फोनवर चूक सांगितली, तर सायब म्हणला, मशीनवर दुसरा माणूस देतो. बायकोला फोनवर कानडीत बोलला. मला कानडी येत न्हाय पर बायकोला काय सांगतेत ते सगळ्या भाषेत सारखंच असतं.

तरी एक राहतंयच. थो.भा. तिथं बसले कशाला होते? लाडू खरे होते. डबा म्या बघितलाय.


३० डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. दोघांला समोर बसवून, ताटं वाढून. रिकाम्या पोटी सांगितलं असतं तर मारलं असतं.

"हणमंतू, तुझा दगड येळवसला जेवाय गेला होता."

कळलं न्हाय त्याला. मग सगळं सांगितलं. पाच पांडव, चार दगड, चुना. हणमंतूनं हातातला घास ताटात ठिवला आन कानडीत बोलला, लांबलचक. त्यात अक्का शबूद एकदा बी न्हवता. मग दि. हसाय लागले. पोट धरून, पाणी नाकात गेलं त्यांच्या. "तीस वर्षं झाली ह्या कामात. दगड चोरीला गेला, नांगरात गेला, एकदा एकानं पायरीला बसवला. पांडव पयल्यांदा."

हणमंतू हसला न्हाय. पर पिशवीतली कापडं काढून दोरीवर टाकली.

म्या म्हणलं, आजच्या आज परत मोजा. काठी मी पळत नेती. दि. म्हणले, दुसऱ्या दोन दगडावरनं धरून सहदेवाची जागा काढू, मग तिथनं. उद्या उजाडताच.

मग इचारलं. थोरले कशाला आले होते. आता सांगा.

दि.नी भाकरी मोडली. "त्यांनी आंब्याची रोपं लावलीत ना नवीन. गुडघ्याएवढी. ती झाडाच्या ग्रुपात घ्या म्हणत होते. झाडं दिसली तर सायब लाइन तिकडनं वढणार न्हाय."

"मग घेतली?"

"रोपं म्हणून येगळा ग्रुप केलाय."

"चालू का बंद?"

"अक्का, जेवू द्या."


३१ डिसेंबर

दवात पळाले काठी घेऊन. साडी गुडघ्यापतोर भिजली. हीर, हीर, हीर, हीर. हणमंतू आज काय बोलला न्हाय त्याबद्दल. दुपारी पडद्यावर बघितलं, चार निळे ठिपके बांधाच्या आत, शेळीच्या जागेसकट. खांब एक. बावीसचा ग्रुप दि.नी माझ्यासमोर पुसला. हिरीचा ग्रुप यादीत वर घ्या म्हणलं, घेतला.

रोपांचा ग्रुप बघितला. बंद हाय. आज बंद हाय.

गिरणीवर गेले न्हाय. दळण शेजारणीकडं दिलं.


२ जानेवारी, शुक्रवार

सायब आला. बारका माणूस, बूट मोठे. कागदावर छापलेला नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. थो.भा. आधीच येऊन उभे. म्या पाण्याचा तांब्या घेऊन गेले आन बघून घेतलं, हीर हाय कागदावर. निळी, गोल, नाव बी लिवलंय.

सायबाची लाल लाइन त्यावर आधीच होती, आफिसात जुन्या नकाशावरनं मारून आणलेली. सरळ हिरीच्या पोटातनं. तो म्हणला, "ही विहीर कधी आली?" दि. म्हणले, "होतीच सायब. पॉइंट परत घेतले." सायबानं हिरीच्या कठड्यापतोर चालून बघितलं, खडा टाकून बघितला. खिशातनं पेन्सिल काढली आन लाल लाइनीच्या कडंनं एक वाक काढला. लहानसा. हीर सोडून, बांधावरनं, थो.भा.च्या रोपाच्या अंगाला.

"बघू," म्हणला. "सोमवारी फायनल करून पाठवा." गाडीत बसून गेला.

दि.ला इचारलं, ही पेन्सिल कोणत्या ग्रुपात घेणार. म्हणले, "पेन्सिलला ग्रुप नसतो अक्का. ती मला नव्यानं वढावी लागंल."

"मग वढा की आत्ताच."

"सोमवारपतोर येळ हाय."

थो.भा. गेले न्हायत. वसरीवर येऊन बसले, चहा मागून घेतला. गिरणीवरचं त्यांना कळलंय, त्यावर एक शबूद काढला न्हाय. त्याचंच मला भ्या वाटाय लागलं. चहा बशीत वतून म्हणले, "महिनाभर माणूस कुणाच्या हातचं जेवला की वाक बी त्याच्याच सोयीचा पडतो. न्हाय का गं सरूबाई?"

म्या म्हणलं, वाक सायबानं काढलाय, तो माझ्याकडं पाणी बी न्हाय प्याला.

"व्हय व्हय. मी काय म्हणलं का? तुला किती तरास म्हणून म्हणतोय. उद्यापासनं दिगंबररावांचं जेवण आमच्याकडं. थोरलीला सांगून आलोय, पुरण घालती."

"आन हणमंतूचं?"

"तो मशीनवाला. त्याचं राहू दे तुझ्याकडं."

दि. दारात उभे होते. सगळं ऐकलं. नको म्हणले न्हायत, येतो बी म्हणले न्हायत. पोटावरनं हात फिरवला आन आत जाऊन कॉम्प्युटर लावला. दार लोटलेलं होतं. मी लोटलं नव्हतं.

हणमंतूला हळूच इचारलं, तुला येतं का रं ती पेन्सिलची लाइन नकाशात वढाय. न्हाय म्हणला.

पीठ मळून ठिवलंय. दि.च्या वाटच्या चार भाकऱ्या थापायच्या का न्हाय, ठरंना.